ओस्टरवेलांचा हिरवा किनारा

६ सप्टेंबर, शनिवार

पोचले एकदाची! बॅग अजून बांधलेलीच आहे, पण वही आधी उघडली. जेसनला शब्द दिलाय ना, तो बोटीवरून उतरेपर्यंत लिहीत राहीन आणि मग सगळं वाचून दाखवीन. नवरा समुद्रात, बायको वाळवंटात आणि पोरगी वसईत आजीकडे. काय पण संसार आमचा! जाऊ दे. तीनच महिने. एका जुन्या नकाशाची डागडुजी करायची, नादियासाठी नाताळाचा फ्रॉक घ्यायचा आणि घरी जायचं.

विमानतळावर लिलीमावशी आली होती. आईची मावसबहीण आणि माझी धर्ममाता. बाप्तिस्म्याला मला हिनेच हातांत धरलं होतं, क्लेअर हे नावही हिचंच. ही नोकरी पण तिनेच मिळवून दिली. अकरा वर्षं ती इथेच आहे आणि अकरा वर्षांत एकदाही घरी आली नाही, सख्ख्या भावाच्या मातीलासुद्धा नाही. घरी सगळे म्हणतात, लिलीला गल्फचा पैसा चढला. पण समोर बघितलं तर, केवढी वाळलीय बिचारी! बोटांची पेरं तपकिरी पडलीत, नखांच्या कडांना हिरवट झाक. म्हणाली, पितळी भांडी घासते ना. मला मिठी मारून अशी रडली की ड्रायव्हर हनीफभाईंनी टिश्यूचा अख्खा डबाच मागे दिला. हनीफभाई श्रीवर्धनचे. तोंडाने अरबी यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, चाललेलं आणि मधेच मला विचारतात, वसईत सुकी मासळी आता काय भाव?

व्हिला खलिफा सिटी नावाच्या वस्तीत, विमानतळापासून अगदी जवळ. बाहेर अंगाची लाही होतेय आणि आत स्वेटर घालावा लागतो. मालक मिस्टर ओस्टरवेल डच आहेत. उमेदीत इथल्या खाड्या खोल करायच्या कामावर इंजिनियर होते, आता एकटेच राहतात. उंच, गोरेपान, फार अदबीने वागणारे. माझ्यासाठी पाण्याचा ग्लास स्वतः घेऊन आले. लिलीमावशी पुढे वरच्या मजल्यावर नकाशाच्या खोलीत गेली आणि तिथून तिने मला क्लेअर म्हणून हाक मारली. मी दचकलेच. जन्मापासून ही बाई मला ‘बाय’ म्हणते, आमच्याकडे सगळेच म्हणतात. मी चिडवलं तिला, गल्फला येऊन मी एका दिवसात मोठी झाले वाटतं! ती काही हसली नाही. दमली असेल.

८ सप्टेंबर, सोमवार

जेसन, अरे काय नकाशा आहे! मुंबईच्या म्युझियममध्ये एवढी वर्षं कागदांवर काम केलं, पण असलं देखणं काही हाताखाली आलं नव्हतं. बसऱ्यापासून होर्मुझपर्यंतचं अख्खं आखात. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं आणि मग हाताने रंगवलेलं. पाण्यात मोत्यांच्या जागा ठिपक्यांनी दाखवल्यात, कोपऱ्यात एक जाडा देवमासा आहे. दक्षिणेचा किनारा, म्हणजे आपण आता जिथे बसलोय तोच, हिरव्या रंगाच्या पट्ट्याने रंगवलाय.

सगळं दुखणं त्या हिरव्यातच. हा रंग तांब्याच्या गंजापासून करायचे. दिसायला सुंदर, पण वर्षानुवर्षं कागद खात राहतो. आधी कागद तपकिरी होतो, मग ठिसूळ, मग त्या रेषेवरून तुकडाच गळून पडतो. असे नकाशे मी पुष्कळ बघितलेत. याचं नवल हे की हिरवा एवढा दाट असून कागद अजून धडधाकट आहे. कडेला थोडा तपकिरी, एवढंच. मिस्टर ओस्टरवेल खूश झाले. म्हणाले, आमच्या घरच्यांनी फार जपलंय.

मग त्यांनी घराण्याची गोष्ट सांगितली. ॲमस्टरडॅमला त्यांच्या पूर्वजांचं दुकान होतं. बाप कोरायचा, आई आणि मुली रंगवायच्या. पगारी माणूस कधी ठेवला नाही. कामाला जो येईल तो घरचाच झाला पाहिजे, असा रिवाज. आणि घरच्या प्रत्येकाचं नाव या किनाऱ्यावर एक गाव म्हणून घालायचे, छोटंसं घर आणि त्याच्या बाजूला तिरक्या अक्षरांत नाव. मी भिंग घेऊन बघितलं तर खरंच, मारिया, योहाना, कातराइन, अशी रांगच लागलीय. शेवटचं घर लिली! मी हसले. म्हटलं, अहो, एवढ्या जुन्या चिजेवर नंतर कोणी लिहितं का? ते म्हणाले, आमच्याकडे तशीच रीत आहे. श्रीमंत म्हाताऱ्यांची खोडी, दुसरं काय. पण मनात आलं, आपल्या लिलीला किती मानतात हे.

साफसफाईला आजच हात घातला. जुन्या वार्निशच्या डागांना आपली खास पद्धत, कापसाचा बोळा थुंकीने ओला करायचा आणि हलकेच फिरवायचा. तुला नेहमी किळस येते, पण थुंकीसारखं सौम्य औषध नाही, कुठल्याही म्युझियमला विचार. मिस्टर ओस्टरवेल बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, आमच्या बायकाही ब्रश तोंडातच ओला करायच्या. लिलीमावशी मात्र तोंड फिरवून किचनमध्ये गेली. तुझ्याच जातीची.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी हनीफभाईंनी मुसफ्फाच्या चर्चला नेलं. मिस्सा झाल्यावर कॅफेटेरियात करक चहा आणि पराठा. सात दिरहॅम, म्हणजे आपले पावणेदोनशे रुपये झाले, असं मी मोठ्याने बोलले तर हनीफभाई म्हणाले, ताई, इथे हिशोब करत बसलात तर उपाशी मराल.

नादियाशी दुपारी व्हिडिओवर बोलले. आपण मराठीत विचारायचं आणि हिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. आई ओरडते, की पोरीला एखादं लाडाचं नाव ठेव, सारखं नादिया नादिया काय. पण किती विचार करून मी ते नाव ठेवलंय! मला पुरतं घ्यायलाच आवडतं.

लिलीमावशी आज वसईला गेली. आठ दिवसांत येते म्हणाली, घराची कौलं बघायचीत. मीच एअरपोर्टवर सोडायला गेले. आत जायच्या आधी तिने काचेच्या दाराला हात लावला, मागे घेतला, परत लावला. मग पाऊल टाकलं आणि पलीकडे गेल्यावर मोठमोठ्याने हसायला लागली. मागे वळून बघितलंही नाही. मी वेड्यासारखी हात हलवत उभी. अकरा वर्षांनी घरी जातेय, होतं माणसाला असं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नकाशावरचं लिलीचं घर गेलं. नावही गेलं. कागद तिथे कोरा आहे.

माझ्याच बोळ्याने गेलं असणार, दुसरं कोण हात लावतंय? पण त्या भागात मी कामच केलं नव्हतं! आणि पुसलं तर बोळ्यावर शाई यायला हवी, तंतू उचकटलेले दिसायला हवेत. काहीच नाही. दुसऱ्याच्या चिजेवरचं नाव घालवलं म्हणजे माझी लाइन खलास. परत कोण काम देणार मला?

दुपारी धीर करून मिस्टर ओस्टरवेलांना सांगितलं. ते अजिबात रागावले नाहीत. उलट खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ती घरी पोचली, चांगलं झालं. जिवात जीव आला. पण हे काय उत्तर झालं?

२२ सप्टेंबर, सोमवार

आठवडा झाला, लिलीमावशी फोन उचलत नाही. आई म्हणते, ती मजेत आहे, गालांवर मांस चढलंय, रोज बाजारात जाते, नादियाला खाऊ आणते. मग माझा फोन का नाही घेत?

तोंडाला सारखी कोरड पडतेय. जिभेवर पैसा ठेवल्यासारखी चव. एसीमुळे असेल. आज बोळा ओला करायलाही तोंडात थुंकी आली नाही.

नकाशावर लिलीच्या जागी नवं घर आलंय. बाजूला नाव आहे.

माझं.

मिस्टर ओस्टरवेलांनी लिहिलं असणार. मस्करी करायची ही काय तऱ्हा झाली! पण मी भिंगाखाली बघितलं, जेसन, हे माझं रोजचं काम आहे. ते पेनने लिहिलेलं नाही. शाई कागदात दाबून बसलीय, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली बसते तशीच. तो पत्रा वितळवून कित्येक पिढ्या झाल्यात, असं त्यांनीच सांगितलं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज भांडले. म्हटलं, मला काम करायचं नाही, मला घरी पाठवा. मिस्टर ओस्टरवेल जेवत होते. काटा-चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. खरंच चकित झाले होते ते. म्हणाले, लिलीने तर सांगितलं होतं की तुला सगळं माहीत आहे आणि तू राजीखुशीने आलीयस.

मग शांतपणे सांगितलं. हिरवा रंग कागद खातो, हे मला शिकवायची गरज नाही. त्याला कागदाऐवजी दुसरं काही खायला दिलं तर कागद वाचतो. त्यांच्या पणजीच्या पणजीने हे शोधून काढलं, आणि पहिली स्वतःची मुलगी दिली. किनाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला हिरवा खातो, हळूहळू, खूप वर्षं. ते माणूस या घरापासून लांब जाऊ शकत नाही. सुटायचं तर दुसरं माणूस द्यावं लागतं. कोणीही चालत नाही. ज्याचं नाव तुम्ही स्वतः ठेवलंय, तेच. त्याला नकाशासमोर त्या नावाने हाक मारायची, लिलीला तिच्या धर्ममातेने मारली तशी. झालं.

लिलीमावशीने आयुष्यात एकाच बाळाचं नाव ठेवलं होतं.

मी ताट भिरकावलं. ते उठले आणि काचा गोळा करायला लागले, मला लागू नये म्हणून.

४ ऑक्टोबर, शनिवार

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं ठरवून पासपोर्ट घेतला आणि हनीफभाईंना म्हटलं, एअरपोर्ट. भर दुपार, रस्ता मोकळा. पहिल्या सिग्नललाच अंगातला जीव कमी होत गेला. हनीफभाई नादियाबद्दल विचारत होते, मी सांगत होते, आणि बोलता बोलता ते गप्प झाले. आरशात बघितलं. मग त्यांनी फोन लावला आणि साहेबांना विचारलं, गाडी घेऊन मी कुठे निघालोय, मागे तर कोणीच नाही.

मी मागेच होते! ओरडत होते, त्यांच्या खांद्याला हात लावत होते. त्यांनी मान खाजवली आणि यू-टर्न घेतला. फाटकात शिरल्यावर परत आरशात बघितलं आणि म्हणाले, अरे ताई, तुम्ही कधी बसलात?

७ ऑक्टोबर

बोटांची पेरं तपकिरी झालीत. सकाळी केस विंचरताना कानाच्या पाळीचा कोपरा तुटून हातात आला. रक्त नाही. पापुद्र्यासारखा.

नकाशाच्या कडेचा तपकिरीपणा गेलाय. कागद पांढरा झालाय, नवा. मी फाडायला गेले, जेसन. खरंच गेले, दोन्ही हातांनी धरला. कड जराशी उसवली आणि माझ्या हाताची कातडी मनगटापासून वर उसवत गेली. मीच खळ करून ती कड चिकटवली. जपानी टिश्यू लावून, नीट. हुंदके येत होते तरी काम नीट केलं.

११ ऑक्टोबर

नादियाशी बोलले. म्हणजे मी बोलले. ती म्हणत होती, मम्मा, स्विच ऑन युअर कॅमेरा. कॅमेरा चालू होता. मग म्हणाली, मम्मा, आय कान्ट हिअर यू. आणि ती फोन आजीकडे द्यायला वळली तेव्हा मागे दिसली. आमच्या ओट्यावर. लिलीमावशी. लठ्ठ, गुलाबी, केस काळे. नादियासाठी सीताफळ सोलत होती.

केसाने गळा कापला माझा. जिने बाप्तिस्म्याला देवळात उभं राहून माझी जबाबदारी घेतली तिने. माझ्यासाठी पहिला मेणाचा दिवा हिने धरला होता. परक्या कोणी केलं असतं तर सोसलं असतं मी. हिला तर मी आईच्याही आधी सगळं सांगायचे. मुंबईतली नोकरी सुटली तेव्हा पहिला फोन हिलाच केला होता. तिने म्हटलं होतं, बाय, रडू नको, मी आहे ना.

१५ ऑक्टोबर

मोबाइल माझं बोट ओळखत नाही. स्क्रीनवर घासते, काही उघडत नाही. बोटांत ओलच नाही.

हनीफभाईंना दोन महिन्यांची सुट्टी देऊन गावी पाठवलं. ते माझ्या समोरून बॅग घेऊन गेले. साहेबांना सलाम केला. मला नाही. मिस्टर ओस्टरवेल म्हणाले, नव्या नावाला हिरवा आधी अधाशासारखा खातो, मग सावकाश; लिलीही वर्षभराने परत दिसायला आणि एअरपोर्टच्या दारापर्यंत जायला लागली होती.

पेन्सिल मुठीत धरून लिहितेय. या खोलीतच बरं वाटतं, नकाशाजवळ. दुसरीकडे गेलं की धाप लागते.

१९ ऑक्टोबर

व्हिलातल्या लँडलाइनवर लिलीमावशी. मिस्टर ओस्टरवेलांनी रिसीव्हर माझ्या कानाला धरला.

ती रडत होती. म्हणाली, बाय, माझ्यावर रागावू नको, मी अकरा वर्षं सोसलं, आता नव्हतं सोसवत. मी पापी आहे पण तुला टाकणार नाही. तुझीही सुटका करणार. दिवाळीची सुट्टी लागलीय, आईला सांगून तिकिटं काढली, व्हिसाही आला. आई किती खूश आहे! म्हणाली, लिली, तुझी केवढी माया. मी नादियाला घेऊन येतेय.

मी ओरडले, नको, नको. तिला ऐकू गेलं नाही. म्हणाली, तुझ्याजवळ एकच वाट आहे, ती मी तुझ्या दारात आणून सोडते. पुढे तू बघ.

आईने पाठवलं. माझ्या आईने. तिला काय माहीत.

मिस्टर ओस्टरवेल म्हणाले, लहान मुलं फार टिकतात. 

२३ ऑक्टोबर

मी हाक मारणार नाही. बस, एवढंच करायचंय. तोंड उघडायचं नाही. मला खाऊ दे, वर्षं वर्षं खाऊ दे, मी आहे ना खायला. तिने मला बघितलं नाही तरी चालेल. बघून परत जाईल. म्हणेल, मम्मा नव्हतीच. जेसन आहे, आई आहे. मोठी होईल.

आवाज तर गेलाच आहे माझा. मिस्टर ओस्टरवेलांना हसू आलं. म्हणाले, नाव ठेवणाऱ्याचा आवाज त्या माणसाला नेहमी ऐकू येतो. फोनवर नाही, समोर.

मग तोंड उघडायचं नाही.

२५ ऑक्टोबर

गाडी आली. दुपार आहे, खिडकीत ऊन. मी नकाशाच्या टेबलाखाली बसलेय, वही मांडीवर. लिहीत राहणार. लिहिताना मी बोलत नाही, शाळेपासूनची सवय. लिहीत राहिले की तोंड बंद राहील.

दार. तिचे बूट. लिलीमावशी बाहेरच थांबली — आत पाऊल टाकत नाही ती —

केस कापलेत तिचे. कोणी कापले. छान दिसतायत. दात पडलाय पुढचा.

मम्मा, व्हेअर आर यू. मम्मा, इज धिस युअर रूम.

गप्प. गप्प. लिही. नकाशा, खळ, टिश्यू, ब्रश —

देवमासा बघतेय. हसतेय. मिस्टर ओस्टरवेल तिच्यासाठी उंच स्टूल सरकवतायत, वरून नीट दिसेल म्हणून. खिडकी उघडली त्यांनी. एसी चालू असताना खिडकी कशाला —

चढतेय. नको. एका पायावर. खिडकीकडे वळली, बाहेर थेट खाली अंगणाची फरशी, स्टूल हलतंय, ते धरत नाहीयेत, ते माझ्याकडे बघतायत —

पाय सुटला —

ना